कुकाऱ्याला ओ न दिलेली सकाळ

मने, अशी जवळ सरक. तू तिकडं पुण्यात आणि मी इकडं डोंगरात धनगरवाड्यावर, हे मला कळतं, तरी सरक. आणि तो मोबाईल घटकाभर पालथा घाल. मी काहीही लिहिलं की तू नुसता अंगठा पाठवतेस. गुडघा दुखतो म्हणून कळवलं, अंगठा. म्हैस व्याली, अंगठा. माझ्या आईच्या वेळी ज्याला लिहिता यायचं नाही तो अंगठा उठवायचा, आणि तू एवढी शिकून पुन्हा तिथंच आलीस की काय?

परवा मात्र तू चार ओळी लिहिल्यास. तुमच्या कंपनीत मोबाईलवरच्या परीक्षा तयार करतात, आता पोरांनी कुठं जायला नको, घरबसल्या परीक्षा. “आजी, डोंगरातल्या मुलीला आणि पुण्यातल्या मुलीला आता सगळं सारखंच झालं,” असं लिहिलंस. ते वाचून मी चूल फुंकायची थांबले. राग नाही आला गं, पण रंजू आठवली. रंजू तुझी चुलत बहीण, थोरल्याची लेक. लहानपणी सुट्टीत आलीस की तिच्याच घोंगडीत शिरून झोपायचीस. आणि गेल्या हिवाळ्यात तिच्यावर काय गुदरलं याचा तुला पत्ता नाही. चूक तुझी एकटीची नाही, तिनं कोणाला सांगूच दिलं नाही. मला आता सांगायलाच लागणार आहे, कारण वेळ थोडा राहिलाय.

म्हणून आज काठी टेकत टेकत खडकावर आले. आपल्या वाड्याच्या वरच्या अंगाचा, ओढ्याकडं झुकलेला मोठा खडक, तोच. किती दिवसांनी आले. उन्हानं तापलेल्या शेवाळाचा वास अजून तसाच येतो, करपलेल्या भाकरीसारखा. खडकाच्या टोकाला पाय ठेवून ठेवून पडलेली खोलगट जागा आहे, त्यात माझा पाय अजून बरोबर बसतो. खाली दरीत ओढा, आणि समोरच्या डोंगरावर पलीकडचा वाडा. मधलं अंतर पाखराला काहीच नाही, माणसाला मात्र उतरून चढायचं तर चांगली दमछाक होते.

माझ्या लहानपणी इकडं शाळा नव्हती. पलीकडच्या वाड्यावर एक मास्तर आले होते, खालच्या गावाकडचे, अंगानं बुटके. उन्हाळ्यात आपली पोरं ओढा ओलांडून तिकडं जायची. पोरं म्हणजे मुलगे. आम्ही पोरी शेळ्यांमागं. पावसाळा लागला की ओढा असा फुगायचा की म्हशीसुद्धा त्याच्या काठाला जायला नको म्हणायच्या. मग शाळा बंद पडायला हवी. पण मास्तरांना ते पटेना. सकाळची भाकरी झाली की ते तिकडच्या कड्यावर उभे राहायचे, इकडचे मुलगे या खडकावर. आणि मास्तर तिकडून ओरडायचे, “बेऽ एकेऽ बेऽऽ.” इकडून ओ जायची, “बेऽ दुणेऽ चारऽऽ.”

धुकं असं असायचं की शेजारच्याचं नाक दिसू नये. अंगावर घोंगडीची खोळ, तिला ओल्या लोकरीचा उग्र वास, आत आपल्याच श्वासाची ऊब. पायाखाली चिखल, चिखलात शेळ्यांच्या लेंड्या. आणि धुक्यातून येणारा तो पाढा. मास्तरांना इकडून कोण ओ देतंय ते दिसायचं नाही. मग आम्ही पोरीही ओ द्यायला लागलो. आधी हळू, मग मोठ्यानं. कोण मुलगा, कोण मुलगी, आवाजाला कुठं शेंडी असते?

पाढे झाले की मास्तर अक्षरं ओरडून शिकवायचे. फळा तर दिसत नव्हता. मग ते सांगायचे, “काठी उभी कराऽऽ. तिच्या पोटाला गोळा चिकटवाऽऽ. झाला वऽऽ.” आम्ही शेळ्या हाकायच्या काठीनं चिखलात काढायचो. दिवाळीनंतर ओढा उतरला आणि मास्तर पहिल्यांदा इकडं आले. मुलग्यांना म्हणाले, लिहून दाखवा. माझा भाऊ अडला तर मी मागून काठीनं मातीत काढून दाखवलं. मास्तर माझ्या अक्षराकडं बघतच राहिले. म्हणाले, “आगं, हे अक्षर हाय का शेळी?” चिखलात शिकलेलं, त्यामुळं एवढं थोरलं. अजूनही मला बारीक लिहिता येत नाही, एका ओळीत तीन शब्द बसतात, आणि तू त्यावर हसतेस. हस. पण माझी शाळा तेवढीच. पुढचं सगळं एसटीच्या पाट्यांवर, गुळाच्या पुड्यांच्या कागदावर, वाटेल तिथं वाचून झालं.

हा खडक फक्त पाढ्यांचा नव्हता. तो कुकाऱ्याचा, लांबून घातलेल्या हाकेचा. रोज सकाळी जनावरं सोडायच्या वेळी तिकडून कोणीतरी लांबलचक कुकारा द्यायचं, आणि इकडून ओ जायची. बस्स, एवढंच. सगळे आहेत, सगळं ठीक आहे. ओ आली नाही तर तिकडचा माणूस थांबून पुन्हा हाक द्यायचा, आणखी एकदा द्यायचा. तरी ओ नाही, तर मग विचारत बसायचं नाही. हातातलं काम टाकायचं, बांबू घ्यायचा, घोंगडी घ्यायची झोळी करायला, आणि निघायचं. कशावरून हे सुरू झालं ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. पण माझ्या सासऱ्यांना, मला याच वाड्यात दिली होती ना, कड्यावरून पडल्यावर असंच तिकडच्यांनी येऊन उचललं, आणि तिकडची एक बाळंतीण आम्ही अशीच झोळीत घालून वेल्ह्याच्या दवाखान्याच्या वाटेला लावली. तिच्या कण्हण्याचा आवाज, बांबूचा कुरकुर आवाज, आणि वाटेत कोणीतरी वाटलेले भाजलेले हरभरे, हे तिन्ही मला एकदमच आठवतं.

पुढं आपल्याकडंही पत्र्याची शाळा झाली. रंजू तिथं शिकली. मग वाडे रिकामे होत गेले, पोरं कमी झाली, शाळेला कुलूप लागलं. आता पडवीत शेळ्या बसतात. रंजू मात्र सुटली नाही शिक्षणातून. मार्गासनीच्या बाजूला उतरून शाळा केली, पुढं एसटीनं नसरापूरकडं जाऊन कॉलेज केलं. तिला मास्तरीण व्हायचंय. कुलूप लावलेल्या शाळेच्या पायरीवर बसून लहानपणी ती शेळ्यांना शिकवायची, तुला आठवत असेल, तुलाही ओळीत बसवायची.

त्या शिक्षणाला प्रवेश मिळवायला मोठी परीक्षा असते. शिकवणी लावायला शहरात राहायला हवं, ते काही जमणार नव्हतं. मग ही बया मोबाईलवर शिकली. आपल्या सगळ्या वाड्यावर रेंज म्हणून येते ती या खडकावरच, ती पण त्याच टोकाला; तुझे-माझे निरोप सुद्धा मोबाईल हितं आणून तीच धाडते-आणते. अख्खं वर्ष ती हितं बसली. कुठले कुठले सर, हसतमुख, मागं रंगीत फळा. रंजू त्यांना सर म्हणायची, वहीत त्यांचं वाक्य लिहून घ्यायची, कधी हसायची सुद्धा त्यांच्या विनोदाला. मी एकदा विचारलं, “त्यास्नी ठावं हाय का तू हितं बसलीयास ते?”

“न्हाई आजी. लाखानं पोरं बघत्यात.”

“मग तू चुकलीस तर ते तुला कसं सांगणार?”

“खाली लिहायचं. कुणीतरी सांगतं.”

“कोण?”

“कुणीतरी.”

पण शिकली, खोटं कशाला बोलू. जे मला पाढ्यापलीकडं कळलं नाही ते तिला या दगडावर बसून कळलं. मी भाकरी घेऊन यायचे, ती एका हातानं खायची. मला वाटायचं, मास्तरांचाच आवाज पुन्हा आलाय, नुसता लांबून.

परीक्षा घरबसल्या होती. दिवाळी उलटून गेलेली, सकाळची वेळ, आकाश धुतल्यासारखं. आदल्या दिवशी रंजूनं आम्हाला बसवून नियम सांगितले. मोबाईलच्या डोळ्यापुढं एकटीचं तोंड दिसलं पाहिजे. इकडं तिकडं बघायचं नाही. बाजूला कोणाचा आवाज नको. दुसरं माणूस दिसलं की परीक्षा बंद. पुन्हा उघडत नाही.

तुझी थोरली चुलती, रंजूची आई हिरा, म्हणाली, “आन खोकला आला तर?”

“तुला आला तर लांब जाऊन खोक.”

“आन तुला आला तर?”

“मला न्हाई येणार.”

वाड्यानं काय केलं नाही सांग. पुरुष माणसं जनावरं घेऊन पार पल्याडच्या पठारावर गेली. कोंबड्या डालग्याखाली. कुत्र्याला नेऊन लांबच्या गोठ्यात बांधलं, त्याच्यापुढं भाकरी टाकली. हिरानं त्या सकाळी दळण सुद्धा घेतलं नाही. रंजू खडकाला पाठ लावून बसली, मोबाईल समोरच्या दगडावर टेकवलेला. मी खाली आंब्याच्या बुंध्याशी, जिथून ती दिसेल पण मी दिसणार नाही. वाड्यावर एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. वाऱ्यानं आंब्याचं पान पडलं तरी जीव दचकत होता.

सगळ्यांना बजावलं होतं. समोरच्या वाड्याचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

तिकडं आता म्हातारीच माणसं राहिलीत. धोंडीआबा, त्यांची सरूबाई, आणखी दोन-चार. आबांच्या लेकानं त्यांना मोबाईल दिलाय, तो फडताळात असतो, तिकडं रेंज कुठली. आबा अजून रोज सकाळी कुकारा देतात. त्या दिवशी पण दिला. “कूऽऽऽऽ” करून तो दरी ओलांडून आला.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुकारा ऐकून गप्प बसले. ओठ आवळून, पदर तोंडात घालून. रंजूनं मान हलवली नाही, पण तिचे खांदे वर चढलेले मला लांबून दिसले. ओ द्यायची तर ती पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशी द्यायची. मग ती खडकावरच्या मोबाईलला ऐकू गेल्याशिवाय कशी राहील? लांब जाऊन द्यावी म्हटलं तर ओ या खडकावरून दिली तरच पलीकडं पोचते, दुसरीकडून दरीतच विरते. हिरा धावत उताराला गेली आणि पदर सोडून जोरजोरात हलवायला लागली, सगळं ठीक आहे म्हणून. तिकडून काय दिसलं असेल? बाई उतारावर पदर सोडून हात वर करतेय.

दुसरा कुकारा आला. आवाज बदललेला. तिसरा आला तो मध्येच तुटला. मग काहीच नाही.

मी ओळखलं. आबांचं पांढरं पागोटं कड्यावरून खाली उतरताना दिसलं, त्यामागं दोन माणसं, त्यांच्या खांद्यावर बांबू. मागं सरूबाईचं हिरवं लुगडं. मग कारवीच्या झुडपांत सगळे गडप. मने, आपलं माणूस आपल्यासाठी धावत येतंय आणि आपण मनात म्हणतोय, देवा, याचा पाय घसरू दे, थोडा उशीर होऊ दे. असं मी म्हटलं. ओढ्याच्या पाण्यात पागोटं पुन्हा दिसलं. हिरा पायवाटेनं त्यांना अडवायला पळाली. पण ती माणसं घाईत, ती पायवाटेनं कशाला येतील? ओढ्यावरून सरळ खडकाखालच्या आडवाटेनं चढली. हिरा खाली, ती वर. मी उठले, काठी घेतली, चार पावलं गेले. ओरडता येईना. नुसते हात हलवत राहिले.

आधी आबा वर आले. धापा टाकत. रंजू त्यांच्या पुढ्यात, पाठ खडकाला, डोळे मोबाईलवर.

“रंजे,” आबा म्हणाले. “काय झालं गं? कोण गेलं?”

तिनं मान वर केली नाही. ओठ घट्ट. अजून तिला आशा होती, बोटं चालत होती.

“रंजे, बोल की. आई कुठाय?”

एव्हाना सरूबाई पोचली. तिनं पोरीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, “आवं, पोरीची वाचा गेलीया.” आणि पुढं होऊन तिनं रंजूचं तोंड दोन्ही हातांत धरलं. बांबूवाले मागून वाकून बघायला लागले. मोबाईलच्या त्या एवढ्याशा डोळ्यात सगळे मावले असतील. पागोटं, घोंगडी, लुगडं, बांबू.

मोबाईलनं आवाज सुद्धा केला नाही. नुसता रंग बदलला.

मी पोचले तेव्हा रंजू उभी राहिली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. रडणार असं वाटलं, तशी ती हसली. आबांच्या पाया पडली.

“काय न्हाई झालं आबा. परीक्षा व्हती माझी. बोलायचं न्हाई असा नियम.”

आबांचा चेहरा उतरला. म्हातारा वेडा नाही. त्यांनी मोबाईलकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“पोरी, आमी आलो म्हनून तुझं काय नुकसान झालं का?”

मने, ती काय म्हणाली ऐक.

“न्हाई आबा. तुमी आला तवा संपलीच व्हती.”

मग त्यांना घरी नेलं. गुळाचा चहा झाला, हिरानं घाईघाईनं भाकऱ्या थापल्या. बांबूवाला म्हणाला, “आरं, रिकामा बांबू घेऊन परत जायचा, एवढा आनंद कशात न्हाई.” सगळे हसले. रंजू वाढत होती, आग्रह करत होती. सरूबाईनं जाताना तिच्यावरून बोटं मोडली आणि म्हणाली, “मास्तरीण झालीस की आमच्या वाड्यावर पयला पेढा.” रंजू म्हणाली, “व्हय.”

नंतर ती खडकावर जाऊन त्या परीक्षेवाल्यांना लिहीत बसली. तिकडून उत्तर यायचं लगेच, तेच तेच, कोणी वाचल्यासारखं नाही. मग तिनं मोबाईलवरच्या त्या पोरांच्या घोळक्यात लिहिलं, जिथं ती वर्षभर शंका विचारायची. तिथं कोणी हसण्याची तोंडं टाकली. एकानं लिहिलं, अभ्यास नसला की गाव मदतीला येतं. मी ते वाचलं तिच्या खांद्यावरून, शेळीएवढ्या अक्षराला सरावलेल्या माझ्या डोळ्यांनी. तिनं मोबाईल बंद केला आणि म्हणाली, “आजी, आबाला कळता कामा न्हाई. कदी बी.”

आता यंदाची परीक्षा पुन्हा तोंडावर आली आहे. तिनं पुन्हा नाव घातलंय. पुन्हा घरबसल्या, पुन्हा हाच खडक. आणि आमचा जीव टांगणीला. कारण आबांना सांगायचं तर काय सांगायचं? यंदा कुकारा देऊ नका, येऊ नका, असं म्हटलं की त्यांना गेल्या वर्षीचं सगळं कळलं. म्हातारा तिथंच खचून बसेल. आणि न सांगावं तर, त्या दिवसापासून आबा सकाळीच नाही, दुपारी पण कुकारा देतात. पोरीची वाचा गेली होती ते त्यांच्या मनातून जात नाही. आताच, मी हे लिहीत होते तर तिकडून हाक आली. मी उठून ओ दिली. आवाज चिरकला माझा, पण पोचला.

हिरा म्हणते, त्या दिवशी त्यांना जेवायलाच बोलावू. बोलावलं तर सरूबाई रंजूला शोधत खडकावर जाईल. रंजू म्हणते, “बघू गं, हुईल.” रात्रीचं तिचं जेवण कमी झालंय, तेवढं मला दिसतं.

तुझ्या त्या इमारतीबद्दल एकदा तू बोलली होतीस. समोरच्या दारातली बाई तापानं आठवडाभर पडून होती आणि कोणाला पत्ता नव्हता, तू पण नंतर ऐकलंस. तेव्हा मी तुला बोलले होते, असल्या ठिकाणी राहू नकोस म्हणून. आता तेच दार मला हवंय. तुमच्या त्या परीक्षांना अशीच जागा लागते ना, जिथं हाकेला कोणी येत नाही? मग रंजूला तिथं बसव. आबांना आम्ही सांगू, बहिणीकडं गेली आहे, हौसेनं. ते खोटं नाही.

तेवढ्यासाठी तुला यावं लागेल. ती एकटी यायची नाही, तुझ्या खोलीत अडचण होईल म्हणते. तू येऊन हाताला धरून ने. नसरापूरपर्यंत एसटीनं ये, पुढं वडापची जीप मिळते, उरलेलं चालायला मी हिराला खाली पाठवते. अंगठा पाठवू नकोस, ये. आणि परीक्षा झाली की तिला तिथं एक दिवस सुद्धा ठेवू नकोस, लगोलग परत घेऊन ये.